तोफगोळ्यांसाठी हवा आणि पोलादाला भोकं

परवा पंपावर टायरमध्ये हवा भरायला थांबलो, तर तिथला पोरगा म्हणाला, "काका, नायट्रोजन भरू? टायर थंड राहतो." साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. ज्याला पैसे मोजून उरलेला भरायचा त्याने खुशाल भरावा, त्यात जादू काही नाही. घरी येईपर्यंत मात्र डोक्यात वेगळंच घोळत होतं. हाच फुकटचा नायट्रोजन पकडता आला नसता, तर जर्मनीला पहिलं महायुद्ध चार वर्षं रेटता आलं असतं का?

सप्टेंबर १९१४ मधली मार्नची लढाई हे जर्मनीच्या युद्धातलं पहिलं मोठं वळण. फ्रान्सचा निकाल काही आठवड्यांत लावायचा हा हिशेब तिथे चुकला, सैन्य खंदकांत रुतलं आणि दारूगोळा संपायला लागला. टीएनटी असो की बिनधुराची दारू, नायट्रिक आम्लाशिवाय बनत नाही. ते आम्ल बनायचं चिलीच्या वाळवंटातल्या सोऱ्यापासून, म्हणजे नायट्रोजन असलेल्या क्षारापासून, आणि समुद्र ब्रिटिश आरमाराने अडवलेला. १ नोव्हेंबरला चिलीच्या किनाऱ्याजवळ कोरोनेलला जर्मन ॲडमिरल फोन श्पेने ब्रिटिश तुकडीचा धुव्वा उडवला खरा, पण ८ डिसेंबरला फॉकलंडपाशी तो स्वतःच बुडाला. सोऱ्याची वाट कायमची बंद झाली.

उरली हवा. तिच्यातल्या नायट्रोजनचा अमोनिया केला, की त्यापासून ते आम्ल बनवता येतं. जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबरने १९०९ मध्येच नायट्रोजन आणि हायड्रोजन यांचा अमोनिया करून दाखवला होता. पण नायट्रोजनचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधाने धरून बसलेले असतात, सहजासहजी सुटत नाहीत. तापवावं तर क्रिया वेगाने होते, पण तयार झालेला अमोनिया पुन्हा फुटतो. मग दाब वाढवायचा: चार रेणूंचे दोन होतात, म्हणून दाबाखाली क्रिया अमोनियाकडे झुकते. सुमारे २०० वातावरणांचा दाब, ५०० अंशांच्या आसपास तापमान आणि क्रियेला वेग देणारा लोखंडाचा उत्प्रेरक, असं ते गणित.

प्रयोगशाळेतल्या टेबलावर हे जमतं. कारखान्यात ही क्रिया बसवणाऱ्या कार्ल बॉशच्या पोलादी नळ्या सुमारे ८० तासांत फुटत होत्या. हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे, तेव्हा थोडं रसायन सहन करा. पोलादाला बळ असतं ते त्यातल्या चिमूटभर कार्बनमुळे. तापलेल्या पोलादावर हायड्रोजनच्या रेणूचे अणू सुटे होतात, आणि ते इतके लहान की धातूत सरळ शिरतात. आत कार्बन भेटला की त्याच्याशी जुळून मिथेन. मिथेनचा रेणू मोठा, त्याला बाहेर पडता येत नाही. तो कणांच्या सांध्यांत अडकून दाब वाढवत राहतो. एकीकडे कार्बन गेल्याने पोलाद दुबळं, दुसरीकडे आतून रेटा. नळी फुटणारच!

लोक आणखी जाड, आणखी मजबूत पोलाद सुचवतील. बॉशने उलटं केलं. हायड्रोजन अडवायचाच नाही, असं ठरवलं. आत जवळजवळ कार्बन नसलेल्या मऊ लोखंडाचं अस्तर दिलं. हायड्रोजन त्यातून झिरपतो, पण खायला कार्बन मिळत नाही. दाब पेलायला बाहेरून पोलादी कवच, आणि त्या कवचाला मुद्दाम पाडलेली बारीक भोकं. झिरपलेला हायड्रोजन तिथून निघून जातो, कवचाच्या बाजूला दाब साठतच नाही. भोकं इतकी लहान की अस्तर त्यांतून बाहेर फुगत नाही. दाब सोसायच्या भांड्यालाच भोकं पाडायची, ही अक्कल मला आजही थक्क करते.

जर्मनीतला ओप्पाऊचा कारखाना १९१३ पासून खतासाठी अमोनिया बनवत होता. मार्ननंतर बॉशने सरकारला शब्द दिला, दारूगोळ्यासाठी अमोनियाचं नायट्रेट करून देतो. मे १९१५ पासून तेही सुरू झालं. (त्याच्या आदल्याच महिन्यात, २२ एप्रिलला, हाबरच्या देखरेखीखाली बेल्जियममधल्या ईप्रला शत्रूच्या खंदकांवर विषारी क्लोरीन वायू सोडला गेला. त्याच हाबरला पुढे अमोनियासाठी १९१८ चं नोबेल मिळालं.) एकट्या या शोधाने जर्मनीला तारलं असं सर्रास लिहितात, ते अर्धंच खरं. कॅल्शियम कार्बाइडपासून बनणाऱ्या सायनामाइडचाही नायट्रोजनपुरवठ्यात मोठा वाटा होता.

पण नायट्रोजन तोफेला दिला की शेताला उरत नाही. थळच्या कारखान्यात आज युरियासाठी जो अमोनिया लागतो, तो याच क्रियेने बनतो. जर्मन शेतकऱ्याला मात्र तेव्हा खत मिळेना. त्यात नाकेबंदी, त्यात बटाट्याचं पीक बुडालं. १९१६-१७ चा हिवाळा लोकांनी जनावरांसाठीच्या सलगमांवर काढला. ब्रिटनला आपल्याआधी उपाशी पाडू, या हिशेबाने जर्मनीने १ फेब्रुवारी १९१७ पासून पाणबुड्यांना कुठलंही जहाज इशारा न देता बुडवायची मोकळीक दिली. ६ एप्रिलला अमेरिका युद्धात उतरली. त्याच एप्रिलमध्ये जर्मनीतच लॉयनाला नव्या, आणखी मोठ्या कारखान्यातून अमोनियाच्या टाक्यांची पहिली गाडी बाहेर पडली.