मोठा सोलर इन्व्हर्टर: बसवणं आणि चालवणं

कारखान्याच्या पत्र्यावर, कॉलेजच्या गच्चीवर नाहीतर माळरानावरच्या सोलर प्लांटमध्ये प्लेटांमधून येणारा डीसी (एकाच दिशेने वाहणारा) करंट एसी (घरात येतो तसा, दिशा बदलत राहणारा) करून थेट ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या तारांच्या जाळ्याला, देणारं मशीन म्हणजे मोठा सोलर इन्व्हर्टर. आपल्याकडे इन्व्हर्टर म्हटलं की लाईट गेल्यावर पंखा फिरवणारा बॅटरीवाला डबा डोळ्यासमोर येतो, तो हा नव्हे. याला बहुतेक वेळा बॅटरीच नसते आणि लाईट गेली की हा स्वतःच बंद पडतो, आणि पडायलाच हवा, ते पुढे येईलच.

यात दोन घराणी. एक स्ट्रिंग इन्व्हर्टर, भिंतीवर किंवा स्टँडवर टांगायचे, साधारण ५० किलोवॅटपासून ३०० च्या आसपास जातात, आणि दुसरे सेंट्रल, म्हणजे कंटेनरएवढे, एकेक मेगावॅट किंवा त्याहून मोठे. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा प्रकल्प २०१३ साली सुरू झाला, तसल्या प्लांटवर मोठं यार्ड आणि स्वतःची माणसं असतात. इथे जास्त करून गच्ची-पत्र्यावरच्या ५० ते १०० किलोवॅटच्या स्ट्रिंग इन्व्हर्टरचं बघू, कारण तिथे इन्व्हर्टर बसवणारा निघून जातो आणि मग मागे राहतो तो सोसायटीचा किंवा कंपनीचा वायरमन, ज्याने आयुष्यभर एसीवरच काम केलेलं असतं.

खरा धोका डीसीचा

प्लेटा माळेसारख्या एकापुढे एक जोडतात, त्या माळेला स्ट्रिंग म्हणतात. एका प्लेटचे ४०-५० व्होल्ट, अशा १८-२० प्लेटा जोडल्या की हजाराच्या घरात व्होल्टेज जातं, मोठ्या प्लांटला तर १५०० व्होल्टची सिस्टीम असते. घरातल्या २३० व्होल्टला आपण घाबरतो आणि इथे पत्र्यावर हजार व्होल्टची वायर पायाखालून जात असते. आणि हिला मेन स्विच नाही. इन्व्हर्टरचा डीसी स्विच बंद केला तरी प्लेटेपासून स्विचपर्यंतची वायर जिवंतच, ऊन आहे तोवर तिला कोणी बंद करू शकत नाही, आणि ढगाळ वातावरणात किंवा सकाळी सकाळी करंट कमी असला तरी व्होल्टेज जवळजवळ पूर्ण असतं, त्यामुळे 'अजून ऊन कुठे आलंय' हे कारण चालत नाही.

दुसरी गोष्ट ठिणगीची. ५० हर्ट्झचा एसी करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावरून जातो, त्यामुळे स्विच उघडताना पडलेली ठिणगी विझायला तिला संधी मिळते, डीसीला हे शून्यच नाही, एकदा आर्क, म्हणजे सलग जळत राहणारी ठिणगी, लागला की अंतर वाढेपर्यंत किंवा काहीतरी वितळेपर्यंत तो चालूच. म्हणून एसीचा एमसीबी डीसीला लावायचा नाही, आणि चालू लोडवर एमसीफोर कनेक्टर, म्हणजे प्लेटांच्या वायरी एकमेकींत जोडणारा प्लॅस्टिकचा जोड, कधीही ओढायचा नाही, त्याच्यावरच तसं लिहिलेलं असतं तरी लोक ओढतात.

तिसरी गोष्ट जरा डोकं खाजवायला लावणारी आहे. घरात शॉर्ट झालं की करंट एकदम कित्येक पटीने वाढतो आणि फ्यूज उडतो, पण सोलर प्लेटचा शॉर्ट सर्किट करंट तिच्या नेहमीच्या करंटपेक्षा थोडासाच जास्त असतो, म्हणजे एका स्ट्रिंगमध्ये शॉर्ट झालं तर तिच्या स्वतःच्या करंटने फ्यूज उडतच नाही, तिथे निवांत गरम होत राहतं. स्ट्रिंगचे फ्यूज असतात ते दोनापेक्षा जास्त स्ट्रिंग पॅरलल जोडल्यावर बाकीच्यांचा करंट उलटा एकाच स्ट्रिंगमध्ये घुसू नये म्हणून. एवढं समजलं की पुढचे सगळे नियम आपोआप पटतात.

बसवण्याआधी हिशोब

स्ट्रिंगमध्ये किती प्लेटा हा हिशोब थंडीचा धरून करायचा. प्लेटवर छापलेलं व्होल्टेज २५ अंशाचं असतं आणि तापमान उतरलं की ते वाढतं, दर अंशाला साधारण पाव ते एक तृतीयांश टक्का. समजा प्लेट ५२ व्होल्टची, इन्व्हर्टरची मर्यादा ११०० व्होल्ट, कुणीतरी २१ प्लेटा ओवल्या, कागदावर १०९२ झाले, मर्यादेच्या आत, सगळे खूश. आता हीच साइट निफाडला आहे आणि डिसेंबरच्या पहाटे पारा ५ वर आलाय, म्हणजे २० अंश खाली, दर अंशाला ०.२७ टक्के धरले तरी व्होल्टेज ११५१ होतं. २० प्लेटांवर तेच १०९६ येतं, म्हणजे एका प्लेटने सगळा खेळ. मर्यादेवरच्या व्होल्टेजने इन्व्हर्टर जळाला तर वॉरंटीत बसत नाही, लॉगमध्ये सगळं लिहिलेलं असतं.

जागेचं म्हणाल तर सावली आणि हवा. ९८ टक्के एफिशियन्सी ऐकायला भारी वाटते पण १०० किलोवॅटच्या मशीनचे उरलेले दोन टक्के म्हणजे दोन किलोवॅट उष्णता, एक गिझर दुपारभर चालू ठेवल्यासारखं. ती उष्णता बाहेर जायला मॅन्युअलमध्ये दिलेलं अंतर वर-खाली आणि बाजूला सोडायचंच. चंद्रपूर, अकोला, जळगाव भागात मे महिन्यात ४५ अंश होतात, वरून थेट ऊन पडत असेल तर मशीन स्वतःला वाचवायला पॉवर कमी करतं आणि मालक म्हणतो ऊन एवढं असून युनिट कमी का. उत्तरेकडची भिंत किंवा प्लेटांच्या सावलीतला स्टँड बरा, बंद स्टोअररूम नको, आणि मागे लाकूड, थर्माकोल, फोमचं पॅनल असलं काही नको. वजन ८०-१०० किलोच्या घरात जातं, चार माणसं किंवा चेन पुली, उगाच दोघांनी शिडीवर चढून हिंमत दाखवू नये.

जोडणी

गंमत अशी की मशीन सहसा चांगलं असतं, घोळ असतो हाताने केलेल्या जोडांमध्ये. एमसीफोरचे दोन अर्धे एकाच कंपनीचे हवेत, वेगवेगळ्या कंपन्यांचे एकमेकांत बसतात आणि टक्कन आवाजही येतो, पण आतला संपर्क ढिला राहतो, मग तापतो, मग प्लॅस्टिक वितळतं. क्रिंपिंग, म्हणजे वायरीवर धातूची टोपी दाबून बसवणं, त्याच्याच पान्याने, पकडीने चेपून नव्हे. एसी बाजूला १०० किलोवॅट ४१५ व्होल्टला म्हणजे साधारण १४० अँपिअर, केबल बहुतेक ॲल्युमिनियमची आणि आतली पट्टी तांब्याची, इथे बायमेटॅलिक लगच, म्हणजे केबलकडे ॲल्युमिनियम आणि पट्टीकडे तांबं असलेलं टोकच, लागतो, साधा लावला तर पावसाळ्यात गंज धरून जोड तापायला लागतो. बोल्ट टॉर्क पान्याने, म्हणजे ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने, आवळायचा आणि त्यावर पेंट मार्करने रेघ मारायची, ढिला झाला की रेघ तुटलेली लांबूनच दिसते.

प्रत्येक स्ट्रिंग जोडण्याआधी मल्टिमीटरने प्लस-मायनस आणि व्होल्टेज बघायचं, मीटर तेवढ्या व्होल्टचा पाहिजे, १५०० च्या सिस्टीमला १००० वाला मीटर लावला तर मीटरच हातात फुटू शकतो. आणि बिनट्रान्सफॉर्मरच्या इन्व्हर्टरला, म्हणजे हल्लीच्या जवळपास सगळ्या स्ट्रिंग इन्व्हर्टरला, डीसी मायनस अर्थ करायचा नाही. जुने वायरमन गाडीच्या बॅटरीसारखं समजून करतात.

अर्थिंगचे खड्डे वेगळे: वीजरोधकाचा वेगळा, प्लेटा-स्ट्रक्चर आणि डीसीचा वेगळा, एसीचा वेगळा, रेझिस्टन्स ५ ओहमच्या आत ठेवायची पद्धत आहे. डीसी आणि एसी दोन्ही बाजूंना सर्ज प्रोटेक्शन, म्हणजे विजेचा अचानक आलेला झटका जमिनीत उतरवणारा डबा, त्याची छोटी खिडकी हिरव्याची लाल झाली की तो गेला, बदलायचा. वळवाच्या पावसानंतर ती खिडकी बघायची सवय लावून घ्यावी.

न वापरलेली ग्लँडची, म्हणजे केबल डब्यात शिरते तिथली, भोकं बुजवायची. ही सूचना किरकोळ वाटते पण पाल आणि मुंग्या यांनी जेवढे एसीचे डबे उडवलेत तेवढे विजेने उडवले नसतील असं माझं मत आहे.

लाईट गेल्यावर

ग्रिड गेलं की इन्व्हर्टरने दोन सेकंदांच्या आत सुटं व्हायचं, याला अँटी-आयलँडिंग म्हणतात, आपल्याकडे आयएस १६१६९ हे मानक त्याचंच. कारण सरळ आहे, लाईन बंद आहे समजून लाइनमन खांबावर चढलाय आणि खालच्या कारखान्याचं सोलर त्याच तारेत व्होल्टेज सोडतंय असं व्हायला नको. ग्रिड परत आल्यावरही लगेच जोडत नाही, मिनिटभर तरी वाट बघतं, तेव्हा 'सुरू होत नाही' म्हणून फोन करायची घाई नको.

लांबच्या फीडरच्या (सबस्टेशनकडून येणाऱ्या लाईनच्या) टोकाला दुपारी लोड कमी आणि सोलर जास्त असलं की व्होल्टेज चढतं आणि इन्व्हर्टर ट्रिप होतो. मग कुणीतरी इन्स्टॉलरचा पासवर्ड टाकून व्होल्टेजची मर्यादाच वाढवून देतो. हे करू नये, शेजारच्यांचे टीव्ही-मोटारी त्याच तारेवर असतात, खरा उपाय ट्रान्सफॉर्मरचा टॅप (त्याचं व्होल्टेज कमी-जास्त करायची खाच) बदलणं किंवा जाड केबल. जनरेटरसोबत चालवायचा असेल तर मध्ये कंट्रोलर पाहिजेच, नाहीतर सोलर जास्त झालं की पॉवर उलटी जनरेटरमध्ये जाते.

बंद करायची पद्धत

आधी ॲपवरून किंवा स्क्रीनवरून शटडाऊन, मग एसी ब्रेकर, मग डीसी स्विच, आणि दोन्हीला कुलूप लावून पाटी. सुरू करताना आधी एसी की आधी डीसी हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, मॅन्युअल उघडायचं. बंद केल्यावरही आतले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे भाग, भरलेले असतात, मशीनवर लिहिलेली मिनिटं, पाच असोत नाहीतर पंधरा, थांबायचं आणि मीटरने बघूनच झाकण उघडायचं. झाकण पावसात उघडायचं नाही, आत गेलेली ओल बाहेर पडत नाही.

कनेक्टर काढण्याआधी करंट शून्य झालाय का ते क्लॅम्प मीटरने, म्हणजे वायरीभोवती चिमटा धरून मोजणाऱ्या मीटरने, बघतात, इथे एक सापळा आहे, स्वस्तातला क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतो आणि डीसी वायरवर दहा अँपिअर चालू असले तरी बिनधास्त शून्य दाखवतो. डीसी मोजणारा क्लॅम्प वेगळा घ्यावा लागतो. आणि आतमध्येच शॉर्ट झालाय, जळाल्याचा वास येतोय असं असेल तर डीसी स्विच फिरवायचा मोह टाळायचा, त्या स्विचला तो करंट तोडता येईलच असं नाही, लांब राहायचं, संध्याकाळ होऊ द्यायची आणि करंट अर्ध्या अँपिअरखाली आला की मग हात लावायचा.

रात्री सगळं मेलेलं असतं हेही पूर्ण खरं नाही. काही इन्व्हर्टरमध्ये प्लेटांचा पीआयडी दोष (जास्त व्होल्टेजमुळे प्लेटेची ताकद हळूहळू घटणं) भरून काढायची सोय असते, ती रात्री उलट प्लेटांवरच व्होल्टेज सोडते. अशा साइटवर रात्री प्लेट बदलायला जाणाऱ्याने आधी ती सोय बंद आहे ना ते विचारावं.

चालू झाल्यावर

पावसाळ्यात सकाळी 'इन्सुलेशन लो' असा एरर येतो आणि दहा-अकराला ऊन पडलं की आपोआप जातो, कोकणात तर हे नेहमीचं. बरेच जण एरर रीसेट करून सोडून देतात, पण याचा अर्थ कुठल्यातरी कनेक्टरमध्ये पाणी साचलंय किंवा पत्र्याच्या कडेला केबल सोललीय, पाणी सुकतं, भोक तसंच राहतं. एकेक स्ट्रिंग वेगळी करून मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचा मीटर, लावला की सापडतं. केबल पत्र्यावर लोळत ठेवू नये, साध्या प्लॅस्टिक टायने बांधली तर तो टाय उन्हाने दोन-तीन वर्षांत तुटतो.

फॅन आणि जाळी साफ ठेवायची, साखर कारखान्याजवळ राख, जिनिंगजवळ कापसाचे तंतू, वीटभट्टीजवळ धूळ, तिथे महिन्याला बघावं लागतं. वर्षातून एकदा भर दुपारी थर्मल कॅमेरा फिरवला की तापलेला जोड लगेच दिसतो.

आग लागलीच तर पाणी मारायला धावायचं नाही, एसी बाजू लांबून तोडायची, सीओटू किंवा ड्राय पावडरचा बंब वापरायचा, आणि अग्निशमनवाल्यांना पहिलं वाक्य हेच सांगायचं की वर सोलर आहे आणि ती वायर बंद होत नाही. अमेरिकेत या कारणासाठीच २०१४ पासूनच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडमध्ये इमारतींवरच्या सोलरला रॅपिड शटडाऊनची, म्हणजे वरच्या वायरींतलं व्होल्टेज झटकन खाली आणायच्या सोयीची, अट आली. ती सोय नसलेल्या गच्चीवर निदान केबल कुठून कुठे गेली आहे याचा नकाशा, गेटजवळ, वॉचमनला सापडेल असा लावून ठेवतात.