लोकेशन बंद, तरी सांगली कशी कळली?

सांगलीत विश्रामबागच्या चहाच्या गाड्यावर हा वाद हमखास होतो. लोकेशन बंद करून गूगल अ‍ॅपमध्ये 'भडंग' शोधलं, तरी दुकानं सांगलीचीच आली. म्हणजे फोन चोरून ऐकतो! 'लोकेशन बंद केलं की आपण कुठं आहोत ते कुणालाच कळत नाही' हा समज मनात पक्का, म्हणून पुढचा संशय.

तो समजच चुकीचा. त्या बटणानं अ‍ॅपला फोनकडून मिळणारी नेमकी जागा थांबते, एवढंच. इंटरनेट वापरताना आयपी पत्ता (नेटवरचा आपल्या जोडणीचा क्रमांक) जातोच, आणि त्यावरून ढोबळ भाग ताडता येतो. शिवाय अकाउंटमध्ये घराचा पत्ता टाकलाय? आधी काय काय शोधलंय? अंदाजाला तेही चालतं. गूगल म्हणतं तो 'ढोबळ भाग' किमान 3 चौरस किलोमीटरचा आणि किमान 1000 वापरकर्त्यांचा असतो. म्हणजे गल्ली नाही, पण गाव सापडतं.

कधी तेही चुकतं. मोबाइल डेटाचा आयपी पुण्या-मुंबईचा दिसला, तर मिरजेतल्या माणसाला कोथरूडचं मेडिकल दाखवतील! (तेव्हा मात्र कुणी 'फोन ऐकतो' म्हणत नाही.)

आणखी एक गोम. 'लोकेशन हिस्टरी' (आपण कुठं कुठं गेलो याची गूगलची नोंद, आता नाव 'टाइमलाइन') बंद असली, तरी 'वेब अँड अ‍ॅप अ‍ॅक्टिव्हिटी' (काय शोधलं, काय वापरलं याची नोंद) चालू असेल तर ठिकाणाच्या नोंदी राहू शकतात, हे 2018 मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनं उघड केलं होतं. या 'अ‍ॅक्टिव्हिटी'चं बटण फोनच्या लोकेशनपाशी नसतं, गूगल अकाउंटच्या सेटिंगमध्ये असतं.