गुणपडताळणी, पुनर्मूल्यांकन आणि इतिहासाचे ‘सकारण’ उत्तर

इतिहासाच्या दीर्घोत्तरांचे गुण कितपत भरवशाचे, ही शंका जुनीच. इंग्लंडमध्ये १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, मूळ परीक्षेत सारखेच गुण मिळालेल्या इतिहासाच्या १५ उत्तरपत्रिका १४ परीक्षकांनी किमान वर्षभराच्या अंतराने दोनदा तपासल्या. २१० पैकी ९२ वेळा त्याच परीक्षकाने त्याच उत्तरपत्रिकेचा निकाल फिरवला: नापासाचा पास, पासाचा नापास, नाहीतर श्रेणी वरखाली.

आपल्याकडे वाद पेटला तो मात्र एका शब्दावरून. महाराष्ट्राच्या परीक्षा मंडळाच्या नियमात होती ती फक्त गुणपडताळणी: बेरीज बरोबर आहे का, एखादे उत्तर तपासायचे राहिले का, एवढेच पाहायचे. उत्तर वाचून गुण योग्य पडले का, हे कोणी पाहायचे नाही आणि विद्यार्थ्याला उत्तरपत्रिकाही दाखवायची नाही. मुंबई उच्च न्यायालयाने हे निर्बंध रद्द केले. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा वैध ठरवले. लाखोंच्या परीक्षेत निकालाला कुठेतरी अंतिमता हवी, हा त्यामागचा विचार. गणितापुरता तो पटतो. इतिहासात बेरीज क्वचितच चुकते, खरी तफावत वाचनात पडते आणि नेमके तेच दार बंद राहिले. माहिती अधिकाराच्या आधारे तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क मान्य व्हायला २०११ उजाडले. आता राज्यात दहावी-बारावीला आधी छायाप्रत आणि मग पुनर्मूल्यांकन, असा क्रम आहे.

मधल्या काळात न्याय्यतेचा सगळा भार नमुना उत्तरांवर आणि नियामकांवर, म्हणजे परीक्षकांच्या तपासणीवर नजर ठेवणाऱ्यांवर आला. मुद्दा आला की गुण. त्यामुळे दोन परीक्षकांमधले अंतर कमी होते, हे खरेच. पण ‘सकारण स्पष्ट करा’ या सूचनेत विधान खरे धरूनच चालायचे असते. उदाहरणार्थ, फ्रेंच विचारवंत व्हॉल्टेअरला आधुनिक इतिहासलेखनाचे जनक म्हटले जाते, हे दहावीच्या मुलांना ओळखीचे वाक्य. एखाद्या मुलीने लिहिले, की मूळ कागदपत्रांच्या चिकित्सेवर भर जर्मन इतिहासकार रांकेने दिला, म्हणून हा मान त्याचा. तर तिने कारण दिले, पुरावा दिला, इतिहासाचेच काम केले. तपासणाऱ्याच्या हातातल्या मुद्द्यांत मात्र रांके नसतो. छायाप्रत आता तिच्या हातात येते. तीन ओळींपुढे बरोबरची खूण नाही, हे तिला दिसते. पुनर्मूल्यांकन करणाऱ्यापुढेही तेच नमुना उत्तर असेल, तर त्या ओळी दुसऱ्यांदाही तशाच राहणार.