रिकाम्या साईटचं पहिलं पीक

शहापूर, वडगाव, अनगोळची शिवारं म्हणजे बेळगाव बासमतीची शिवारं. शहर पसरलं तसे त्यातल्या काही ठिकाणी लेआऊट पडले. साईट म्हणजे घरासाठीचा प्लॉट घेणारा नोकरीला पुण्याला नाहीतर आखातात, घर बांधायचं ते पुढं कधीतरी. तोवर त्या तीस बाय चाळीस फुटांच्या तुकड्यावर शेजारच्या बांधकामाचा राडारोडा पडतो, करवंट्या आणि फाटके टायर साचतात, आणि पहिल्या पावसानंतर कमरेएवढं गाजर गवत उभं राहतं. कधी गल्लीतली मंडळी एखाद्या रविवारी फावडी घेऊन येतात, जागा साफ करतात, वांग्या-मिरच्यांची रोपं लावतात. दसऱ्यापर्यंत निम्मी रोपं पिवळी पडलेली असतात. दोष नर्सरीवाल्याला दिला जातो, पण बिघाड असतो मातीत.

चांगल्या जमिनीत घनफळाचा निम्मा भाग मातीच नसते. खनिज कण साधारण 45 टक्के, सेंद्रिय अंश फार तर 5 टक्के. उरलेली सगळी पोकळी, आणि तीत हवा-पाणी. वाळूचे ट्रक, खडीचे टेम्पो, मिक्सर एकाच जागेवर फिरले की ही पोकळी दबते. चिकण मातीचं वजन घनसेंटिमीटरला दीड ग्रॅमच्या आसपास गेलं की मुळांना आत शिरणं अवघड होतं. वाळूसर मातीत ही मर्यादा 1.8 पर्यंत जाते. म्हणजे आपल्या जिल्ह्यात काळ्या चिकण मातीच्या सौंदत्ती-अथणीकडच्या गावांत ट्रकचं चाक जास्त महागात पडतं, विशेषतः माती ओली असताना.

दुसरी अडचण चुन्याची. सिमेंटच्या मलब्यातून कॅल्शियम हायड्रॉक्साइड झिरपतं आणि मातीचा सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कतेचा आकडा) आठच्या वर चढतो. खानापूरकडची जांभ्याची तांबडी माती मुळात आम्ल. तिला थोडा चुना मानवतोही, शेतकरी मुद्दाम घालतात. पण ढिगानं पडलेला मलबा प्रमाण बघत नाही. सामू चढला की मातीतलं लोह न विरघळणाऱ्या रूपात जातं आणि मुळांना उचलता येत नाही. ज्या मातीचा तांबडा रंगच लोहाचा, तिच्यात उभं राहून रोप लोहावाचून पिवळं पडतं! शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा अशी कोवळी पानं दिसली की पाणी वाढवून काही उपयोग नाही. मलबा उचलायचा आणि शेणखत-कंपोस्ट ओतायचं.

गाजर गवताची गोष्ट वेगळी. 1955 च्या सुमारास पुण्यात नोंदवलं गेलेलं हे तण. एकेका झाडाला हजारोंनी बी धरतं, आणि पार्थेनिन नावाचं रसायन सोडून ते शेजारच्या रोपांची उगवणही दाबून टाकतं. त्यानं अंगाला खाज सुटते, दम्याचा त्रास असलेल्यांना परागकण बाधतात. म्हणून ते फुलावर येण्याआधी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटायचं. याच्यावर जगणारा मेक्सिकन भुंगा 1984 मध्ये बंगळूरला सोडण्यात आला. पावसाळ्यात पानांची चाळण झालेली दिसली तर तो आलाय असं समजा आणि औषध फवारू नका. दुसरा मदतनीस टाकळा. तो दाट उगवला की गाजर गवताला मागं सारतो, शिवाय त्याच्या कोवळ्या पानांची भाजी होते.

तर माझं म्हणणं एवढंच की पहिल्या वर्षी भाजीची आशा धरू नये. पहिलं पीक मातीचं घ्यावं. मलबा हलवून, कुदळीनं जमीन फोडून, मिरगाच्या पावसावर ताग पेरावा. त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन बांधतात आणि मुळं खालचा थर मोकळा करत जातात. फुलोरा येतायेताच तो कापून मातीत गाडायचा. उशीर झाला की ताग दोरासारखा चिवट होतो आणि लवकर कुजत नाही.

सोबत कोपऱ्यात कंपोस्टचा ढीग हवाच. वाळका पाला हा कार्बन, स्वयंपाकघरातला ओला कचरा आणि शेण हा नायट्रोजन. कार्बन नायट्रोजनच्या 25 ते 30 पट असला की सूक्ष्मजीव जोमानं कामाला लागतात आणि ढिगाचा गाभा 55 ते 65 अंशांपर्यंत तापतो. या तापमानाला तणाचं बरंचसं बी आणि रोगजंतू मरतात. ढिगाला वास आला तर ओलं जास्त झालंय किंवा हवा कमी पडतेय. पालापाचोळा घालून उलथा. नुसता वाळका पाला थेट वाफ्यात मिसळू नये. तो कुजवायला जिवाणू मातीतलाच नायट्रोजन ओढून घेतात आणि रोपं उपाशी राहतात.

माती सुटली की पाणी मुरतं. तीस बाय चाळीस म्हणजे सुमारे 111 चौरस मीटर. 50 मिलिमीटरची एक सर या एका साईटवर साडेपाच हजार लिटर पाणी ओतते. दबलेल्या जमिनीवरून त्यातलं बरंचसं गटारात जातं, आणि गटारं तुंबली की काय होतं ते ऑगस्ट 2019 च्या पुरात बेळगावकरांनी पाहिलंय. करवंट्या-टायर गेले की डेंगू पसरवणाऱ्या एडिस डासाची पैदासही घटते. त्याला अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात.

माणसांवरचा परिणामही मोजला गेलाय. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात 541 ओसाड जागांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट पाडले: काहींवर गवत आणि थोडी झाडं, काहींची फक्त सफाई, काही तशाच. 2018 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हिरव्या झालेल्या जागांजवळ राहणाऱ्यांमध्ये, तशाच ठेवलेल्या जागांजवळच्यांच्या तुलनेत, उदास वाटण्याचं प्रमाण 41.5 टक्क्यांनी घटलं. नुसत्या सफाईनं मात्र ठळक फरक पडला नाही. ती भाजीची बाग नव्हती, साधी हिरवळ होती, हे ध्यानात ठेवलेलं बरं. तरी एका रविवारच्या श्रमदानावर थांबणाऱ्यांनी हा निकाल वाचावा.

एक सावधगिरी. जागेवर पूर्वी गॅरेज किंवा बॅटरीचं दुकान असेल, जुन्या रंगाचे पोपडे पडलेले असतील, तर मातीत शिसं असू शकतं. शिशाचं पेट्रोल देशात 2000 साली बंद झालं, पण मातीतलं शिसं कुजत नाही. अशा ठिकाणी विटांचे उंच वाफे करून बाहेरची माती भरावी, आणि मेथी-मुळ्याऐवजी भेंडी, दोडका घ्यावा. फळात शिसं पालेभाजी-कंदापेक्षा फार कमी उतरतं.

आणि जागा मालकाची आहे. त्याची लेखी परवानगी आधी घ्या, आंबा-नारळ लावू नका, एका हंगामात निघेल असंच घ्या. उद्या तो पाया खणायला आला तर भांडायचं कारण नाही. वरची अर्धा फूट माती भरते सहा ब्रास, म्हणजे सहाशे घनफूट. दोन-तीन वर्षं खपून केलेली ही माती जेसीबी लागण्याच्या आधी ट्रॉलीत भरून पुढच्या गल्लीतल्या साईटवर नेता येते, फक्त ती ओली असताना उचलू नका.