"बघा, विचार करा" : एचपीव्हीची लस नेमकी कुठे हुकते

दहा-अकरा वर्षांची मुलगी सर्दी-तापासाठी डॉक्टरांकडे आलीये, सोबत आई. तपासून झालं, औषधं लिहून झाली, आणि पेन ठेवता ठेवता डॉक्टर म्हणतात, "हां, एचपीव्हीची एक लस पण असते, कंपल्सरी नाहीये, बघा, विचार करा." आई "बरं" म्हणते, दोघी घरी जातात, विषय संपला. (एचपीव्ही म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, गर्भाशयमुखाचा कॅन्सर यातूनच होतो.) डॉक्टर खोटं काहीच बोलले नाहीत, लस त्यांना माहितीये, तरी माझ्या मते लस हुकली ती इथेच. धनुर्वाताच्या इंजेक्शनला कुठला डॉक्टर "विचार करा" म्हणतो? तिथे थेट "आज घेऊन टाकू" असतं, आणि आईबापांना शब्दांपेक्षा हा सूरच आधी कळतो.

यावर अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनामध्ये नोएल ब्रुअर या संशोधकाने आणि मंडळींनी चक्क प्रयोग केला, 2017 मध्ये तो छापून आला. काही क्लिनिकच्या डॉक्टरांना शिकवलं की सरळ सांगायचं, ती आता 12 ची होतेय, आज तिला या लसी द्यायच्यात, आणि पालकांनी काही विचारलं तर मग निवांत बोलायचं. दुसऱ्या गटाला आधी मोकळी चर्चा करायला शिकवलं, तिसऱ्याला काहीच नाही. सहा महिन्यांनी काहीच न शिकवलेल्यांपेक्षा सरळ सांगणाऱ्यांकडे 11-12 वर्षांच्या मुलामुलींचं लसीकरण 5.4 टक्के अंकांनी जास्त वाढलेलं, चर्चावाल्यांकडे विशेष फरक नाही. आकडा छोटा वाटेल, पण ट्रेनिंग फक्त एका तासाचं होतं.

मग डॉक्टर कचरतात का? एक तर हा व्हायरस लैंगिक संबंधातून पसरतो, त्यामुळे एवढ्याशा मुलीच्या आईसमोर हा विषय काढायचा कसा असं त्यांना होतं. दुसरं कारण मला जास्त मोठं वाटतं. व्हायरस लागल्यापासून गर्भाशयमुखाचा कॅन्सर व्हायला साधारण 15-20 वर्षं जातात, म्हणजे लहान मुलांच्या डॉक्टरांकडे ही पेशंट कधी येतच नाही, आणि जे डॉक्टर ती बघतात त्यांच्याकडे ती येते तेव्हा लसीची वेळ कधीच निघून गेलेली असते. 2022 मध्ये जगभरात या कॅन्सरने साडेतीन लाखांच्या आसपास बायका गेल्या, पण ज्याच्या हातात लस आहे त्याला त्यातली एकही दिसत नाही.

माहितीही कधीकधी जुनी असते. "मोठी झाली की बघू" हे तर उलटंच आहे, कारण आधीच लागलेला व्हायरस ही लस काढू शकत नाही, आणि 9 ते 14 या वयात शरीराचा प्रतिसादही जास्त जोरदार असतो. डोसचं म्हणाल तर आधी तीन होते, मग लहान वयात दोन झाले, आणि डिसेंबर 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने 9 ते 20 वयासाठी एक डोसही चालेल असं सांगितलं. आणि लसीतून व्हायरस लागेल का, तर शक्यच नाही. व्हायरसच्या बाहेरच्या कवचाचं एल-1 नावाचं एक प्रोटीन आहे, त्याचे 360 तुकडे आपोआप एकमेकांत बसून गोल चेंडू बनतो, बाहेरून हुबेहूब व्हायरस पण आतून पोकळ, डीएनएच नाही त्यात! 1991 मध्ये ऑस्ट्रेलियात इयान फ्रेझर आणि जियान झोऊ या संशोधकांनी हे जमवलं, लस त्यावरच उभी आहे.

सल्ला बंद झाला की काय होतं ते जपानने दाखवलं. एप्रिल 2013 मध्ये लस नेहमीच्या यादीत आली, मग दुखण्याच्या तक्रारींच्या बातम्या आल्या आणि जूनमध्ये सरकारने पुढाकार घेऊन शिफारस करणं थांबवलं. लस यादीत तशीच होती, फुकटही होती, फक्त "घ्या" म्हणणारं कोणी उरलं नाही, आणि 70 टक्क्यांच्या आसपास असलेलं लस घेण्याचं प्रमाण 1 टक्क्याच्या खाली आलं. नंतर नागोया शहरातल्या जवळपास 30,000 मुली-तरुणींच्या अभ्यासात त्या तक्रारींचा लसीशी संबंध दिसला नाही, पण शिफारस परत सुरू व्हायला एप्रिल 2022 उजाडलं.

इकडे इंग्लंडमध्ये 12-13 व्या वर्षी लस देऊ केलेल्या मुलींमध्ये हा कॅन्सर 87 टक्क्यांनी कमी झाल्याचं 2021 मध्ये दिसलं. 87 म्हणजे 100 नाही हेही खरंय, कॅन्सर करणारे या व्हायरसचे सगळेच प्रकार लसीत नसतात, त्यामुळे मोठेपणी गर्भाशयमुखाची तपासणी करावीच लागते. हेही डॉक्टरांनी त्याच दिवशी आईला सांगून ठेवावं, नाहीतर तिशीतल्या त्या मुलीला "मी तर लस घेतलीये" एवढंच आठवेल.