पाया, काँक्रीटचा (कोल्हापूर परिसर)

पाया, काँक्रीटचा (कोल्हापूर परिसर) : घराचा भार कॉलम व भिंतींवाटे जमिनीतील टणक थरापर्यंत नेणारा, जमिनीखाली ओतून घडवलेला प्रबलित काँक्रीटचा भाग. स्वतंत्र बंगल्यासाठी कोल्हापुरात बहुधा प्रत्येक कॉलमखाली वेगळे फुटिंग (कॉलमचा रुंद तळ) घेतात आणि जोत्याच्या पातळीवर प्लिंथ बीमने (आडव्या तुळईने) सर्व कॉलम एकमेकांना बांधतात. त्याआधीची रीत डबर आणि चुन्याच्या पायाची. जुन्या पेठांतील वाडे अद्याप तिच्यावरच उभे आहेत. काँक्रीटचा पाया येथे नेमका केव्हापासून रूढ झाला हे एका वर्षावर आणता येत नाही. मद्रासमध्ये १९०४ मध्ये सिमेंट तयार करण्याचा प्रयत्न झाला, पण तो टिकला नाही. म्हणून पोरबंदरच्या कारखान्याचे १९१४ हेच वर्ष भारतीय सिमेंटचा आरंभ मानणे अधिक सयुक्तिक वाटते. खाजगी घरांत त्याचा सर्रास वापर त्यानंतर बऱ्याच काळाने सुरू झाला असावा.

जमीन : या परिसरात पायाचा प्रश्न काँक्रीटपेक्षा मातीचा अधिक आहे. तळाशी दक्खनच्या पठाराचा, सुमारे ६·६ कोटी वर्षांपूर्वीचा काळा पाषाण (बेसाल्ट), त्यावर त्याचाच झिजून झालेला मुरूम आणि सर्वांत वर काळी माती, असा सामान्य क्रम आढळतो. शहरातील रंकाळा तलाव ही मूळची दगडाची खाण होती, अशी परंपरा आहे. पश्चिमेला पन्हाळ्याच्या माथ्यावर मात्र जांभा लागतो.

काळ्या मातीच्या उत्पत्तीबाबत एकोणिसाव्या शतकापासून मतभेद आहेत. काहींनी ती सरोवरांच्या किंवा खाजणांच्या तळाशी साचलेला गाळ मानली, तर काहींनी ज्वालामुखीच्या राखेशी तिचा संबंध जोडला. ती बेसाल्ट जागच्या जागी कुजून बनली, हे मत पुढे प्रबळ झाले. त्यावर दोन आक्षेप घेतले जातात : तमिळनाडूत बेसाल्ट नसलेल्या, पट्टिताश्म (नाइस) खडकाच्या प्रदेशातही अशी माती आहे, उलट सह्याद्रीच्या अतिपर्जन्य पट्ट्यात बेसाल्ट असूनही ती न बनता तांबडी माती व जांभा बनतो. दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर हवामानात आहे. मध्यम पाऊस आणि कोरडा उन्हाळा असला म्हणजे खडकातील चुना व मॅग्नेशियम पूर्ण वाहून जात नाहीत आणि माँटमोरिलोनाइट हे चिकणखनिज बनते. गगनबावड्याकडे पाऊस कित्येक पटींनी जास्त असल्याने ते टिकत नाही. रंगाविषयीही एकमत नाही. तो सेंद्रिय अंशामुळे येतो असे पूर्वी समजत, पण हा अंश प्रत्यक्षात थोडाच भरतो. टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइटमुळे किंवा चिकणखनिजाशी घट्ट जखडलेल्या थोड्याशा सेंद्रिय द्रव्यामुळे रंग येतो, ही स्पष्टीकरणे आता पुढे केली जातात. कोल्हापूरपुरते बोलायचे तर माळावरची माती जागची व पंचगंगेच्या काठची वाहून आलेली, असे दुहेरी मूळ धरणे सोयीचे पडते. गवंड्याला हा वाद ठाऊक नसतो, पण त्याचा परिणाम ठाऊक असतो : माळावर थोडे खणले की मुरूम लागतो, काठाला खड्डा खोल जातो आणि वर पाणी सुटते.

माँटमोरिलोनाइट पाणी शोषून फुगते व सुकल्यावर आक्रसते. त्यामुळे पावसाळ्यात जमीन घर उचलते, उन्हाळ्यात खाली सोडते आणि खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या चिरा जातात. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १९०४ नुसार पाया किमान ५० सेंमी. खोल हवा, काळ्या मातीत मात्र भेगांचा थर ओलांडून खाली जावे लागते. शक्य तेथे काळी माती पूर्ण काढून मुरमावर टेकणे हा सरळ मार्ग होय. ते परवडत नसेल तर तळाशी फुगवटा असलेले स्तंभ (अंडर-रीम्ड पाइल) घेतात. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेत विकसित झालेल्या या पद्धतीत फुगवट्याचा व्यास खांबाच्या साधारण अडीचपट असतो. स्थानिक ठेकेदार मात्र खणणेच पसंत करतात.

शहरात आणखी एक अडचण भरावाची. वरुणतीर्थ (गांधी मैदान), रावणेश्वर (शाहू स्टेडियम), कपिलतीर्थ अशी अनेक तळी बुजवून शहर वाढले. अशा जागी खड्ड्यात विटांचे तुकडे, राख वा खापरे निघाली तर खुदाई थांबवू नये. तो टणक थर नव्हे.

काम : भूमिपूजनानंतर चुन्याने आखणी करून खुदाई होते. हंगाम दिवाळीनंतरचा. तळाशी सुमारे १० सेंमी. पीसीसी (सळीविना साधे काँक्रीट; सिमेंट, वाळू व खडी बहुधा १:३:६), त्यावर कव्हर ब्लॉक (सळी तळापासून उचलून धरणारे ठोकळे) ठेवून सळ्यांची जाळी, तीतून उभे केलेले कॉलमचे बार व ओळंबा. आयएस ४५६ नुसार फुटिंगच्या सळीवर ५० मिमी. काँक्रीटचे आवरण लागते. ब्लॉकऐवजी खडीचे खडे सरकवणे ही सर्रास दिसणारी कुचराई. ओतताना बिगाऱ्याच्या पायाखाली ते निसटतात आणि जाळी पीसीसीला टेकते.

प्रबलित कामास किमान एम-२० प्रत (२८ दिवसांनी दर चौ. मिमी.ला २० न्यूटन दाब सोसणारी) हवी. लहान कामात १:१॥:३ हे प्रमाण धरतात : ५० किग्रॅ.ची एक गोणी म्हणजे सुमारे ३५ लिटर, तेव्हा तेवढ्या मापाच्या खोक्याने दीड खोके वाळू वा क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू) व तीन खोकी खडी. पाणी सिमेंटच्या ०·५५ पटीपेक्षा जास्त नको, म्हणजे गोणीमागे साडेसत्तावीस लिटर. ओल्या वाळूतले पाणी यातच धरायचे असते. मिक्सरवाला मात्र माल सैल पडावा म्हणून वर एखादा डबा ओततोच, आणि ताकद तेथेच जाते. एक फुटिंग एका दमात भरतात, दीड मीटरपेक्षा उंचावरून टाकत नाहीत व व्हायब्रेटर फिरवतात. नंतर साध्या पोर्टलंड सिमेंटला किमान ७ आणि राखमिश्रित सिमेंटला किमान १० दिवस पाणी मारावे लागते. त्याच मालाच्या ओतून ठेवलेल्या घनाची दाब-चाचणी २८ व्या दिवशी.

पूर व भूकंप : राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ व धोका पातळी ४३ फूट आहे, २००५, २०१९ व २०२१ च्या पुरांत धोका पातळी बरीच ओलांडली गेली. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरावर निळी व १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरावर लाल पूररेषा आखलेली असून जोत्याची उंची त्यांवरून ठरते. खोल पाया पुरापासून घर वाचवत नाही, ते काम जोत्याचे. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप जवळचाच; प्लिंथ बीम वगळू नये याचे ते एक कारण. जोते पूर्ण झाल्यावर पालिकेचा जोते तपासणी दाखला घेऊनच वरचे काम चालू होते.