स्केल आणि गेज: खोली नक्की कशाने भरते?

रिकाम्या खोलीत मॉडेल रेल्वेचा लेआउट, म्हणजे छोट्या रुळांची आणि गाड्यांची मांडणी, बसवायचं ठरलं की आपण आधी भिंती मोजतो आणि मग खोक्यांवरची अक्षरं वाचायला लागतो: एचओ, ओओ, एन, झेड. घोळ तिथेच सुरू होतो. ही अक्षरं कधी स्केल सांगतात, कधी गेज, आणि बरेचदा दोन्ही एका दमात.

गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत. ब्रॉडगेज, मीटरगेज हे शब्द ऐकलेले असतातच. इथेही अर्थ तोच, फक्त माप मिलिमीटरमध्ये. स्केल म्हणजे खरी वस्तू किती पट लहान केली ते. १:८७ म्हणजे खऱ्या डब्याचे ८७ मिलिमीटर मॉडेलवर एक मिलिमीटर. गेज फुटपट्टीने मोजता येतं. स्केल कळायला मात्र खरा डबा किती मोठा आहे हे माहीत असावं लागतं.

स्टँडर्ड गेज, म्हणजे खऱ्या रेल्वेचं जगात सर्वाधिक वापरलं जाणारं गेज, १,४३५ मिलिमीटर. एचओचं स्केल १:८७. १,४३५ला ८७ने भागलं की साडेसोळा येतात, आणि एचओचा रूळ १६.५ मिलिमीटरचाच असतो. इथवर सगळं सरळ. आता ब्रिटनमधलं ओओ बघा. स्केल १:७६.२, म्हणजे रूळ १८.८३ मिलिमीटरचा हवा. पण ओओची गाडी धावते त्याच १६.५च्या रुळावर! ब्रिटिश इंजिनं मुळातच अंगाने लहान. ओओ सुरू झालं त्या काळच्या विजेच्या मोटारी १:८७च्या इंजिनात मावेनात. मग इंजिनाचं अंग वाढवलं आणि रूळ होता तसाच ठेवला. समोरून पाहिलं तर गाडी पाय जवळ घेऊन उभी असल्यासारखी दिसते. ज्यांना हे खुपतं ते १८.२ किंवा १८.८३ मिलिमीटरचा रूळ स्वतः जोडत बसतात. मी त्यांतला नाही, पण त्यांचं म्हणणं खोटंही नाही.

रूळ एकच म्हणून बाकीचंही जुळेल, या समजुतीत मी फसलो. खोक्यावर ‘एचओ-ओओ’ असं जोडून छापलेले प्रवासी आणले आणि एचओच्या डब्याशेजारी उभे केले. १७० सेंटिमीटरचा माणूस १:८७मध्ये साडेएकोणीस मिलिमीटर भरतो, १:७६मध्ये बावीसच्या वर. फरक जेमतेम तीन मिलिमीटरचा, पण डब्याचं दारच बावीसचं! टोपीवाला प्रवासी वाकल्याशिवाय आत शिरणार नाही, हे लांबूनही दिसत होतं. ते प्रवासी आता फलाटाच्या पुढच्या कडेला, गाडीपासून दूर उभे आहेत. तिथे चालून जातं.

‘ओ’ची तऱ्हा अशीच. रूळ ३२ मिलिमीटरचा, पण स्केल ब्रिटनमध्ये १:४३.५, अमेरिकेत १:४८. एनचा रूळ सगळीकडे ९ मिलिमीटर. स्केल बहुतेक ठिकाणी १:१६०, ब्रिटनमध्ये १:१४८.

मग खोली कशाने भरते? गेजने नाही. डब्याच्या लांबीने, आणि ती ठरते स्केलवरून. २६.४ मीटरचा प्रवासी डबा १:८७मध्ये ३०३ मिलिमीटर होतो, १:१६०मध्ये १६५. वळणाची त्रिज्या सर्वांत लांब डब्याच्या निदान तिप्पट असावी, असा एक ठोकताळा आहे. म्हणजे एचओला सुमारे ९१ सेंटिमीटर. पूर्ण वेढा घेऊन गाडी परत फिरवायची तर कडा धरून जवळजवळ दोन मीटर रुंदीचा पाट लागतो. एनला एक मीटरच्या थोडं वर पुरतं. कंपन्या डबे लांबीत आखडून ३६ सेंटिमीटरच्या वळणावरही चालवतात. चालतात खरे, पण वळणावर डब्याची टोकं रुळाबाहेर अशी लोंबतात की बघवत नाही.

आणि दोन मीटरचा पाट कोपऱ्यात लावलात, तर मागच्या रुळावर घसरलेला डबा उचलणार कोण? हात पोचतो साधारण पाऊण मीटर. म्हणून चौकोनी खोलीत मध्ये मोठं टेबल मांडण्यापेक्षा भिंतींच्या कडेने अरुंद फळी फिरवावी, आपण मध्ये उभं राहावं आणि दारासमोर उचलून ठेवता येईल असा तुकडा करावा. वळणं मोठी होतात आणि रूळ बदलायचे सांधे हाताशी राहतात.

स्केल आणि गेज वेगळे आहेत हे एकदा उमगलं की लहान खोलीत त्याचा फायदाही घेता येतो. १:४८ स्केलची नॅरोगेज गाडी १६.५च्या रुळावर चालवतात. इंजिन आखूड, डबे आखूड, त्यामुळे ४५ सेंटिमीटरचं वळणही पुरतं. आणि गाडी एवढी मोठी की कोळसा टाकणाऱ्याच्या हातातलं फावडं दिसतं. तसंच १:८७ची नॅरोगेज एनच्या ९ मिलिमीटर रुळावर धावते: ९ गुणिले ८७, म्हणजे ७८३, खऱ्या ७६० मिलिमीटरच्या नॅरोगेजच्या अगदी जवळ. चुगली करतात फक्त स्लीपर, म्हणजे रुळाखालच्या आडव्या पट्ट्या. एनचा रूळ १:१६०च्या हिशेबाने बनलेला असतो, म्हणून त्याचे स्लीपर फार बारीक आणि एकमेकांना फार चिकटून दिसतात. एकतर नॅरोगेजसाठीच बनवलेला रूळ घ्या, नाहीतर एकाआड एक स्लीपर कापून काढा आणि उरलेल्यांवर खडी जरा सढळ हाताने पसरा.